सहाव्या माणसाचा पलंग

ताईचा स्पर्धेत दुसरा नंबर आला, हे आधीच सांगून टाकतो. नाहीतर वाचणाऱ्याचं लक्ष सारखं शेवटाकडे लागतं, आणि 'ते राहू द्या, नंबर आला का?' असं मध्येच कोणी विचारलेलं मला खपत नाही. दुसरा आला. पहिला एका मुलीचा आला. ती ताईच्या निम्म्या वयाची होती, आणि 'तिचे कोपरे माझ्याहून सरस होते,' असं ताईनंच आम्हाला सांगितलं. विषय संपला. मला सांगायचं आहे ते आदल्या दिवसाचं, दुपारी चार ते साडेपाचच्या मधलं.

स्पर्धा पलंग लावण्याची होती. हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या, मीही हसलो होतो. ठिकठिकाणच्या हॉटेलांमधून एकेक माणूस येतं, मोठ्या सभागृहात ओळीनं पलंग मांडलेले असतात, आणि शिट्टी वाजली की उघड्या गादीवर चादर, पांघरूण, उशा सगळं चढवायचं. घड्याळ लावून बसलेले परीक्षक नंतर पट्टीनं मोजतात. ताईच्या हॉटेलनं तेहेतीस वर्षांत पहिल्यांदाच कोणाला तरी पाठवायचं ठरवलं आणि ताईचं नाव दिलं. तिथे तिला सगळे 'इस्त्री' म्हणतात. तिनं अंथरलेल्या चादरीवर सुरकुती शोधून दाखवा, अशी पैज मॅनेजरनं एकदा एका पाहुण्याशी लावली होती, तेव्हापासून.

ताई माझ्यापेक्षा आठ वर्षांनी मोठी. वडील गेले तेव्हा ती एकोणीस वर्षांची होती आणि मी अकराचा. महिन्याभरात ती हॉटेलात लागली. तात्पुरती, असं तेव्हा घरात ठरलं होतं. माझी शाळा झाली, पुढचं शिक्षण झालं, मला एका शाळेच्या कचेरीत कारकुनी मिळाली, लग्न झालं, दोन मुली झाल्या, आणि ताईची तात्पुरती नोकरी आपली चालूच राहिली. तिचं लग्न झालं नाही. का झालं नाही याची प्रत्येक नातेवाइकाकडे वेगळी गोष्ट आहे. ताईकडे एकही नाही. ती, आई आणि आम्ही चौघं एकाच घरात राहतो.

खरं सांगायचं तर ती नेमकं काय करते हे मला पस्तिशीपर्यंत नीट माहीत नव्हतं. 'हॉटेलात असते' एवढं मी लोकांना सांगायचो आणि विषय बदलायचो. लाज वाटायची, दुसरं काय. मग एकदा ती चष्मा घरी विसरली म्हणून तो द्यायला गेलो. दुसऱ्या मजल्यावर एका खोलीचं दार उघडं होतं, दारात ट्रॉली आडवी लावलेली, आणि आत ताई एकटीच.

"आलास तर तिथेच उभा राहा," ती म्हणाली. "कशाला हात लावू नकोस."

मी उभा राहिलो. तिनं जुनी चादर काढण्याआधी पलंगाकडे क्षणभर बघितलं आणि म्हणाली, "भांडलेत बिचारे."

"कोण?"

"इथले नवराबायको. हा इकडच्या कडेला, ती तिकडच्या कडेला. मधली चादर कोरीच्या कोरी आहे बघ."

मग तिनं धुतलेली चादर घेतली, पायथ्याशी उभी राहिली आणि एकदाच उडवली. चादर फुगली, खाली बसली, आणि तिची मधली घडी गादीच्या बरोबर मध्यावर आली. ओढाओढ नाही, सारवासारव नाही. मग कोपरे: कड उचलायची, पाकिटाच्या झाकणासारखी दुमडायची, गादीखाली खोचायची आणि तळहातानं एकदा खालपर्यंत दाबायची. उशा ठेवताना अभ्र्याचं तोंड दाराच्या उलट बाजूला. का, तर आत येणाऱ्याला शिवण दिसता कामा नये. मी चष्म्याची डबी हातात धरून बघत राहिलो. तीन मिनिटंही झाली नसतील. अशा चौदा खोल्या ती रोज करते. माझ्या कचेरीत मी असं एकही काम करत नाही, ज्याकडे कोणी उभं राहून बघावं. त्या दिवसापासून मी लोकांना सांगताना विषय बदलणं बंद केलं.

पाहुण्यांपैकी ताईचा जीव तुटतो तो कुटुंबांसाठी. माणसं हौसेनं येतात, फोनवर 'चार जणांची खोली' बघून पैसे भरून मोकळी होतात, आणि दार उघडतात तर आत एकच पलंग. मग आडवं झोपणं आलं. "सकाळी खुर्च्या बेडला लावलेल्या दिसल्या ना," ताई सांगते, "की समजायचं, आडवे झोपलेत आणि मोठ्यांचे पाय बाहेर आलेत. बाथरूममध्ये चादर दिसली, तर कोणीतरी टबात झोपलंय." ती घरी येऊन हे सांगते तेव्हा आम्ही हसतो. ती हसत नाही. तिला तो तिच्या मजल्याचा अपमान वाटतो.

आता तिच्या कमरेबद्दल. तीन वर्षांपूर्वी ती धरली, म्हणजे सकाळी ताई उठली आणि सरळच होईना. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, व्यायाम दिला आणि बजावलं: जमिनीवर झोपायचं नाही, एक दिवससुद्धा. तेव्हापासून हॉलमधला दिवाण ताईचा झाला. पण पाहुणे आले की सगळ्यात आधी सुटतो तो तिचाच दिवाण. "मला काय, मी कुठेही पडेन," म्हणत ती खाली सतरंजी टाकते आणि पुढचे दोन दिवस वाकून चालते. आम्ही 'अगं, कशाला' म्हणतो. म्हणतो आणि पाहुण्यांना दिवाणावर उशी आणून देतो. हे लिहिताना मला बरं वाटत नाहीये, पण असंच होतं.

स्पर्धेचं पत्र आलं तेव्हा हॉटेलनं तिला जाण्यायेण्याचं तिकीट आणि दोन दिवसांची सुटी दिली. राहायचं आपलं आपण. ताई एकटीच निघाली असती, पण आईनं जाहीर केलं, "मी येणार." आईचं वय पंच्याहत्तर, गुडघे दोन्ही संपावर. "तिच्या शाळेतल्या एकाही कार्यक्रमाला मी गेले नाही," आई म्हणाली, "सारखी कामं. आता जाणार." आई जाणार म्हणजे मी जाणार, मी जाणार म्हणजे बायको, आणि मुली काय मागे राहतात? सगळं घर निघालं. ताईनं दोन दिवस आरडाओरडा केला आणि तिसऱ्या दिवशी आईच्या गोळ्यांची यादी करायला बसली.

हॉटेलचं बुकिंग माझ्याकडे आलं. एका रविवारी सकाळी जेवणाच्या टेबलाशी फोन घेऊन बसलो. मी आकड्यांतला माणूस आहे. शाळेची सहल निघते तेव्हा बसमध्ये मुलं मोजायचं काम बावीस वर्षं माझ्याकडे आहे आणि आजवर एक पोर मागे राहिलेलं नाही. दहा मिनिटांत मी एक झकास खोली शोधली. 'फॅमिली रूम, पाच जण.' फोटोत पडदे निळे, खिडकीतून उजेड, टेबलावर फळं. मी बटण दाबणार, तेवढ्यात ताई मागून डोकावली.

"थांब. बेड किती?"

"पाच जणांची आहे."

"जण नको सांगूस. बेड सांग. हॉटेलवाला जण मोजतो तेव्हा त्यात पायाशी झोपणाराही धरतो."

तिनं फोन माझ्या हातातून घेतला आणि चष्मा कपाळावरून खाली ओढला. "हा डबल बेड म्हणतोय ना, तो डबल नाहीच. मध्ये खळगा दिसतोय? दोन सिंगल जोडलेत. मधलं माणूस फटीत जातं. आणि हा सोफा उघडत नाही. उघडणाऱ्या सोफ्याला बुडाशी पट्टा असतो." तिनं पुढची खोली बघितली. तिथे खाली बारीक अक्षरात लिहिलं होतं: 'जादा बेड उपलब्धतेनुसार.' ताईनं ते मोठ्यानं वाचलं आणि म्हणाली, "म्हणजे नाही."

तिसऱ्या हॉटेलात मी धाकटीचं वय अकरा टाकलं. ताई ओरडलीच. "मोठी धर तिला! मूल टाकलंस की बेड देत नाहीत. आईबापाच्या मध्ये कोंबायचं, असं धरलेलं असतं त्यांनी."

"पण ती मूलच आहे, ताई म्हणतात म्हणून काय—" बायको म्हणाली.

"मी मूल नाहीये," धाकटी म्हणाली, आणि तो प्रश्न निकाली निघाला.

शेवटी पाचव्या हॉटेलात ताईचं समाधान झालं. तेही तिनं स्वतः फोन लावून त्यांना विचारल्यावर. पलंग किती, जोडलेले की सुटे, रुंदी किती, सोफा उघडून झोपलं तर पाय मावतात का. आणि गादीची जमिनीपासून उंची किती. "आईचे पाय टेकले पाहिजेत," ती मला म्हणाली, "नाहीतर उठताना लटकते ती." समोरचा माणूस पट्टी घेऊन खोलीत जाऊन आला असावा, बराच वेळ फोन धरून ठेवावा लागला. मग ताईनं पाकिटाच्या मागच्या बाजूला चौकोन काढले. डबल बेड माझा आणि बायकोचा. भिंतीजवळचा सिंगल आईचा, म्हणजे उठताना आधार मिळेल. दुसरा सिंगल थोरलीचा. उघडणारा सोफा धाकटीचा. मी पाच आकडा टाकला, बटण दाबलं, आणि आम्ही दोघं बहीणभाऊ मोठी लढाई जिंकल्यासारखे चहा प्यायला बसलो.

तुमच्या लक्षात आलंच असेल. आमच्या नाही आलं. पाच आठवडे ते पाकीट फ्रिजवर लावलेलं होतं, येताजाता सगळे ते बघत होते, आणि एकाच्याही लक्षात आलं नाही.

स्पर्धा सकाळी आठला होती. आम्ही आदल्या दिवशी दुपारी चारला हॉटेलात पोचलो. रिसेप्शनवर गर्दी होती; स्पर्धेसाठी आलेल्यांनी ते हॉटेल भरलं होतं. काउंटरमागचे गृहस्थ माझ्याच वयाचे, शर्टाच्या खिशाला तीन पेनं. मला माणूस पटला. त्यांनी कागद काढला, आमच्याकडे बघितलं, परत कागदाकडे बघितलं आणि पेनानं आम्हाला हवेतच मोजलं.

"बुकिंग पाच जणांचं आहे साहेब. तुम्ही सहा आहात."

"शक्य नाही," मी म्हणालो आणि वळून मोजलं. आई, बायको, थोरली, धाकटी, मी. पाच. पुन्हा मोजलं. पाचच. मग नजर बॅगांपाशी गेली. तिथे ताई उभी होती, आईची काठी एका हातात आणि पाण्याची बाटली दुसऱ्या हातात.

बायकोनं कपाळावर हात मारला. "अहो, तुम्ही ताईंनाच धरलं नाहीत?"

ताई माझ्याकडे बघत होती. ती रागावली असती तर मला बरं वाटलं असतं. ती चक्रावली होती. "अरे," ती हळूच म्हणाली, "चौकोन तर मीच काढले होते."

काउंटरवरचे गृहस्थ सभ्य होते. त्यांनी सगळी वही उलटीपालटी केली. दुसरी खोली नाही. जादा बेड सात होते, सातही दिलेले. "गालिचा चांगला जाड आहे," ते म्हणाले, "एखादी रजाई जास्तीची देतो."

गालिचा! सकाळी आठ वाजता जिला चारही कोपऱ्यांशी वाकायचं आहे, तिला रात्रभर गालिच्यावर. मला एकदम दिसलं ते: शिट्टी वाजते आहे, बाकीचे वाकले आहेत आणि आमची ताई कमरेवर हात ठेवून उभी आहे. तेहेतीस वर्षांनी आलेली संधी, आणि ती घालवली कोणी, तर तिनं शिकवलेल्या भावानं.

मग आमच्या घराची जी पद्धत आहे ती सुरू झाली. सगळे एकदम मोठ्या मनाचे झाले. मी म्हणालो, "मी खाली झोपतो." बायको म्हणाली, "तुमची पाठ काय कमी आहे? मी झोपते." थोरली म्हणाली, "मी दोन खुर्च्यांवर झोपेन." आई म्हणाली, "मला झोप लागतच नाही, मी बसून राहीन." धाकटी म्हणाली की टब रिकामाच असतो. आवाज चढले. मागे रांगेत उभ्या असलेल्या माणसानं घड्याळ बघितलं. आणि मला माहीत होतं, तासाभरात हे सगळं कुठे जाऊन थांबणार. ताई 'मला काय' म्हणणार, आम्ही 'अगं, कशाला' म्हणणार, आणि ती खाली रजाई टाकणार.

तिनं तोंड उघडलं तसं मी मान खाली घातली.

"मला बेड हवाय," ताई म्हणाली.

आम्ही सगळे तिच्याकडे वळलो.

"उद्या माझी स्पर्धा आहे. मला जमिनीवर झोपून चालणार नाही." आवाज चढलेला नव्हता, पण मागच्या माणसानंही घड्याळावरून नजर उचलली. "आणि तुमच्यापैकी कोणाचा काढून नकोय मला. आई आईच्याच बेडवर झोपेल, पोरी पोरींच्या. मला माझा हवा."

बावन्न वर्षांत ताईनं स्वतःसाठी काही मागितल्याचं मला आठवत नाही. मी आठवून बघितलं आहे. मला तिथे त्या काउंटरपाशी रडूच आलं असतं, पण आमचे गृहस्थ पुन्हा सांगायला लागले, की बाई, मी दिला असता, पण सातही—

"तुमच्या वहीतले सात," ताई म्हणाली. "मोडका कुठे ठेवलाय?"

"मोडका?"

"दुरुस्तीला द्यायचा म्हणून बाजूला काढलेला. प्रत्येक हॉटेलात एक असतो. आमच्याकडे तो चार वर्षं आहे."

गृहस्थांनी पेन खिशाला लावलं. "मला नाही माहीत."

"तुम्हाला माहीत नसणारच," ताई शांतपणे म्हणाली. "मजल्यावरच्या बाईला माहीत असेल. मी विचारू का तिला? तुमच्या परवानगीनं."

त्यांनी वर फोन केला. आम्ही तिसऱ्या मजल्यावर पोचलो तेव्हा लिननच्या, म्हणजे चादरी-टॉवेलांच्या खोलीच्या दारात एक बाई उभी होती. वय ताईएवढंच, करड्या रंगाचा गणवेश, मनगटावर रबरबँड. तिनं आमच्याकडे पाहुण्यांकडे बघतात तसं बघितलं, म्हणजे बघितलंच नाही.

"काही हवंय का मॅडम?"

"मी पण मजल्यावरच आहे," ताई म्हणाली. "तेहेतीस वर्षं."

त्या बाईनं आता नीट बघितलं. ताईच्या चेहऱ्याकडे नाही, हातांकडे. "उद्याच्यासाठी आलात?"

"हो. आणि मला बेड नाही."

ती बाई हसायला लागली. तोंडावर हात धरून हसली, मग ताईही हसली. स्पर्धेला आलेली बाई आणि तिलाच पलंग नाही, यातली गंमत आम्हाला कोणालाच समजली नव्हती. त्या दोघींना एकदम समजली. मग बाईनं लिननच्या खोलीचं दार आतल्या बाजूनं ओढलं. दारामागे भिंतीला टेकून, वरून जुन्या पडद्यानं झाकलेला एक घडीचा पलंग उभा होता.

"एक पाय राहत नाही," ती म्हणाली. "भार दिला की घडी होते. एकदा एक पाहुणे आत मिटले होते."

ताईनं पलंग आडवा केला, उलटा घातला आणि गुडघा टेकवला. कमरेची आठवण होऊन मी पुढे झालो तर म्हणाली, "तू धर फक्त." पायाची खीळ पडली होती, एवढंच. बाकी सगळं ठणठणीत. ताईनं इकडेतिकडे बघितलं, कोपऱ्यातल्या डब्यातून पडद्याच्या दांडीचा एक जाड खिळा काढला, भोकात घातला आणि वरून कापडाची पट्टी आवळली. मग मला म्हणाली, "बस."

"मी?"

"सगळ्यात जड तूच आहेस."

मी बसलो. पलंग हलला नाही. "आता आडवा हो." मी झालो. तिसऱ्या मजल्याच्या बोळात, ट्रॉलीशेजारी, माझ्या दोन्ही मुलींच्या आणि जाणाऱ्यायेणाऱ्यांच्या देखत मी कूस बदलून दाखवली. पलंग टिकला. मला अर्धा तास लोळायला सांगितलं असतं तरी मी लोळलो असतो.

खोलीत पलंग ठेवायला जागा नव्हती, असं आम्हाला वाटलं. ताईनं दारात उभं राहून एकदा नजर फिरवली. टेबल दाराकडे, खुर्ची आईच्या पलंगाजवळ, बॅगा डबल बेडच्या खाली, आणि खिडकीपाशी बरोबर एका पलंगाची जागा निघाली. मजल्यावरची बाई दोन रजाया घडीवर घडी घालून घेऊन आली, कारण गादी पातळ होती. वर धुतलेली चादर, दोन उशा.

ताई चादर घ्यायला पुढे झाली. बाईनं चादर मागे घेतली.

"तुम्ही नाही. बाजूला व्हा."

"अहो, मी करते ना. तुमच्या अजून खोल्या राहिल्या असतील."

"राहू देत. इथे तुम्ही गेस्ट आहात."

ताई बाजूला झाली. तिला हात कुठे ठेवावेत तेच कळेना. आधी पदराला पुसले, मग मागे घेतले, मग पुढे. माझ्या बहिणीसाठी कोणीतरी अंथरूण घालतंय हे मी पहिल्यांदा बघत होतो, आणि माझ्या मते तीही पहिल्यांदाच बघत होती. बाई पायथ्याशी उभी राहिली आणि तिनं चादर उडवली. एकदाच. घडी मध्यावर आली. ताईच्या तोंडून "वा!" निघालं, गाणं ऐकताना निघतं तसं. पहिला कोपरा झाला, दुसरा झाला. तिसऱ्याला ताईचा हात नकळत पुढे गेला आणि बाईनं त्यावर हलकी चापट मारली. मुली हसल्या. आई तिच्या पलंगावर पाय टेकवून बसली होती आणि डोळे पुसत होती. का पुसतेस म्हणून विचारायची कोणाची छाती झाली नाही.

उशा लागल्या. अभ्र्याची तोंडं दाराच्या उलट बाजूला.

"झोपून बघा," बाई म्हणाली.

"आत्ता? पाच वाजलेत. आईच्या गोळ्या काढायच्यात, बॅगा—"

"ताई," बायको म्हणाली, "गोळ्या मी काढते."

ताईनं चपला काढल्या, त्या नीट जुळवून ठेवल्या आणि पलंगाच्या कडेला बसली. मग आडवी झाली. आधी नुसती उताणी, अंग चोरून, कोणाच्या तरी मालकीच्या जागेवर पडल्यासारखी. मग तिनं पाय लांब केले. मग कुशीवर वळली, हात उशीखाली घातला आणि "कोपरे छान घातलेत हो," असं काहीतरी म्हणता म्हणता तिला झोप लागली. आम्ही बघतच राहिलो. दिवसाउजेडी झोपलेली ताई आमच्यापैकी कोणी कधी पाहिली नव्हती.

मजल्यावरच्या बाईनं पडदा ओढला आणि आम्हाला खुणेनं बाहेर काढलं. पाहुण्यांना खोलीतून असं हाकलायची परवानगी तिला नसावी, पण आम्ही मुकाट्यानं निघालो. आईसाठी खुर्ची बाहेर आणली. आई खोलीच्या दाराशी बसली, आम्ही चौघं भिंतीला टेकून उभे राहिलो. बोळातून लोक जात होते. कोणाच्या हातात बॅगा, कोणाच्या हातात उद्यासाठी इस्त्री केलेले गणवेश. जो जाईल त्याला आई थांबवत होती.

"हळू जा हं. माझी मुलगी आत झोपलीये. उद्या तिची स्पर्धा आहे."

आईला कमी ऐकू येतं, त्यामुळे तिची कुजबूज तीन खोल्यांपलीकडे पोचते. चौथ्या माणसाला तिनं अडवलं तेव्हा थोरली माझ्या कानाशी लागली, "बाबा, आजीला सांगा ना, लोक बघतायत." मीही तेच म्हणणार होतो. मला असा तमाशा मुळीच आवडत नाही.

तेवढ्यात जिन्यावरून एक जण वर आला. धिप्पाड माणूस, चाकांची बॅग, आणि त्या बॅगेचं एक चाक सगळ्या मजल्याला ऐकू जाईल असं करकरत होतं. आईनं तोंड उघडायच्या आधी मीच पुढे झालो आणि त्याच्या आडवा उभा राहिलो.

"जरा बॅग उचलून न्याल का?" मी म्हणालो. "आत माझी मोठी बहीण झोपली आहे."